बारमाही सर्दी

माझं नाक वर्षातले निदान सात-आठ महिने वाहत असतं. हे काही कौतुकानं सांगण्यासारखं नाही, पण पुढचं सगळं या नाकापायीच घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते. मी अंगणवाडीत सेविका आहे. शिरोली एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक वस्ती आहे, तिथं. तीन ते सहा वर्षांची पंचवीस-तीस मुलं. आई-बाप फौंड्रीत नाहीतर बांधकामावर, आणि मुलं दिवसभर माझ्या अंगाखांद्यावर. एकाला सर्दी झाली की आठवड्यात सगळ्यांना होते, आणि सगळ्यांची मिळून मला होते. मांडीवरचं मूल खिचडीचा घास तोंडात असताना शिंकलं, तर त्याला टाकून पळता येत नाही. पदरानं तोंड पुसायचं आणि पुढचा घास भरवायचा.

माहेर माझं कागलजवळच्या खेड्यात. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा वाटलं होतं, आता शेणामातीतून सुटले. कसली सुटते! सासर ऐन पेठेत, पण परसात गोठा आणि गोठ्यात दोन म्हशी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाईंनी त्या म्हशींच्या जिवावर माझ्या नवऱ्याला शिकवलं आणि फौंड्रीत कामाला लावलं. सकाळी सहाला दारात माणसं उभी. कुणी तांब्या भरून घेऊन जाई, कुणी तिथंच उभ्यानं धारोष्ण दुधाचा पेला संपवून मिशीवरचा फेस पुसत वाटेला लागे. सासूबाई धार काढायला बसायच्या आधी कोपरापर्यंत हात धूत, म्हशीची कास कोमट पाण्यानं धूत, आणि मग दारातल्या माणसांकडे एकदा नजर टाकत. कुणी शिंकलं की संपलं. "पावणं, नाक गळालंय तुमचं. रस्त्यावर थांबा. तांब्या तेवढा पुढं सरकवा." मग तो पाहुणा वीस वर्षांचं गिऱ्हाईक असो नाहीतर गल्लीतला पुढारी असो.

शिंकणाऱ्यानं गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. दुधाचा धंदा, त्यामुळे तो मला लगेच पटला. पटला नाही तो त्याचा पुढचा भाग. लग्नानंतर महिन्याभरातच मला पहिली सर्दी झाली, आणि त्या दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढे एक वेगळी ताटली आणि वेगळा पेला ठेवला. "बरं वाटंस्तवर ह्यातच जेवायचं. निजायचं सोप्यात." मी हबकलेच. विटाळ पाळतात तशी ही बाई माझी सर्दी पाळते! भावाला निरोप गेला, भाऊ तावातावानं आला, म्हणाला, बहिणीला वाळीत टाकायला दिली नव्हती आम्ही. सासूबाई शेणाच्या हातानंच बाहेर आल्या. "तिला कोण टाकलंय वाळीत? तिच्या नाकाला टाकलंय. नाक बरं झालं की दोघांनाबी आत घेतो." भावाला हसू आवरेना. तो चहा पिऊन गेला आणि मी बाहेरच्या सोप्यातच राहिले.

पुढं अंगणवाडीची नोकरी लागली आणि सोप्यातली ती कॉट जवळजवळ माझ्या नावावरच झाली. राग यायचा. पंधरा-सोळा वर्षं झाली, मुलगी शाळेत वरच्या वर्गात गेली, तरी महिन्यातले निम्मे दिवस आपलं ताट वेगळं. नवरा चेष्टा करायचा, "सगळ्या पेठेला पुरेल एवढी सर्दी आमच्या हिच्याकडं शिल्लक हाय." आणि सासूबाई? त्यांना कधी शिंकताना मी पाहिलं नाही. "साठ वर्सं झाली मला, नाक कधी गळालं न्हाय," असं त्या छातीवर हात ठेवून सांगत. श्रेय म्हशीच्या दुधाला देत. आम्हीही देत होतो.

मग तो आजार आला. अंगणवाड्या बंद झाल्या आणि आम्हा सेविकांना घरोघरच्या पाहणीला लावलं. हातात ताप बघायचं यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, काखेत रजिस्टर. बरोबर एक आशाताई. रोज चाळीस घरं. दारात उभं राहून तेच ते विचारायचं. ताप आहे का? खोकला? धाप लागते का? जेवणाची चव लागते का? वास येतो का? काही घरांतून चहा यायचा, काही घरांतून शिव्या. एका आजोबांनी तर मला विचारलं, "वास येतोय का म्हंजे? कुणाचा? तुमचा का माझा?"

पहिले दोन महिने मी जीव मुठीत धरून फिरले. घरी आले की परसातच अंघोळ, मग घरात. गिऱ्हाइकं तुटली. ही बाई पेशंटांच्या घरात जाते आणि हिच्या घरचं दूध आम्ही प्यायचं काय, असं लोक तोंडावर म्हणाले. सासूबाईंनी एकाला उत्तर दिलं, "नगा पिऊ. म्हशीला काय, रेडकू पील." पण त्या मनातून खचल्या होत्या, मला दिसत होतं.

आणि मग एकेक करून माझ्याबरोबरच्या बायका आजारी पडायला लागल्या. शेजारच्या वॉर्डातली सेविका पडली. माझी मदतनीस पडली. माझ्याबरोबर दारोदार फिरणारी आशाताई सतरा दिवस दवाखान्यात राहून आली, तिच्या डब्यातलं लोणचं मी आदल्या दिवशीच खाल्लं होतं. मला काही नाही. तीनदा तपासणी झाली, तिन्ही वेळा काही नाही. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मी घाबरून स्वतःचा ताप बघत होते, दिवसातून चार-चार वेळा, आणि ताप येतच नव्हता. मला त्याचाच धसका बसला होता. चिखलातून चालावं आणि पायाला चिखल लागू नये, असं कधी होतं का?

याचं उत्तर माझ्या मुलीनं आणलं. ती तेव्हा अकरावी सायन्सला होती, कॉलेज बंद, सगळा अभ्यास फोनवर. एका दुपारी आम्ही शेंगा फोडत बसलो असताना ती ओरडलीच. "आई, हे ऐक." तिनं वाचून दाखवलं. साध्या सर्दीचे जे विषाणू असतात, त्यातले काही या नव्या विषाणूच्या नात्यातले आहेत म्हणे. ज्यांना अशा सर्द्या वरचेवर होऊन गेल्या, त्यांच्या रक्तातल्या काही पेशींना जुनी ओळख राहते, आणि त्यामुळे कदाचित नव्या आजाराशी त्यांचं शरीर लवकर लढतं. शास्त्रज्ञ अजून बघतायत, नक्की नाही, हेही तिनं वाचलं. माझी पोरगी प्रामाणिक आहे, तिनं एक शब्द गाळला नाही.

सासूबाईंना पेशी-बिशी काही कळलं नाही. त्यांना नात्यातलं म्हणजे काय ते मात्र चटकन कळलं. "म्हंजे भावकी म्हण की. एकाचं नाक-डोळं बघितलं की दुसरा वळखायला येतोय."

"तसंच आजी," मुलगी म्हणाली. "पण नक्की नाही अजून."

"नक्की कसं न्हाय? ही बघ की समोर बसलीया. ढीगभर पेशंट बघून आली, आणि शेंगा फोडालीया."

त्या क्षणी मी जी फुगले, ती काही विचारू नका. वीस वर्षं ज्या नाकाला या घरानं वाळीत टाकलं, ते नाक माझं कवचकुंडल निघालं! नवरा कामावरून आल्यावर त्याला सांगितलं, आशाताईला फोनवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी पाहणीला गेले तेव्हा घरोघर सांगितलं. सांगताना 'कदाचित' कुठं गळून पडलं, मला कळलंही नाही. वस्तीतल्या बायका म्हणायला लागल्या, बाई पक्क्या झाल्यात. पेठेतही गेलं ते. चार-पाच गिऱ्हाइकं परत आली.

आणि सासूबाईंनी एक गोष्ट केली, जी मला आयुष्यभर पुरेल असं वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी परसात अंघोळ करून आले, तर माझं ताट सोप्यात नव्हतं. पाहणी सुरू झाल्यापासून सर्दी असो वा नसो, माझं ताट तिथंच असायचं. स्वयंपाकघरात चुलीपाशी दोन पाट मांडलेले. त्या एका पाटावर बसल्या होत्या. "ये की. बघत काय उभारलीस?"

मी बसले. त्यांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली. त्या घरात मी वीस वर्षं काढली होती, पण असं कधी झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांच्या ते लक्षात आलं. "झालं सुरू. नाक न्हाय तर डोळं," म्हणाल्या. त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज दुपारी एकत्र जेवायला लागलो. संध्याकाळी त्या मला गोठ्यात घेऊन जायच्या, धार काढायला शिकवायच्या. माझ्या हाताला म्हैस पान्हा चोरायची, तर त्या म्हशीला दटावायच्या, मला नाही. परसातली अंघोळही मग हळूहळू सुटली. पक्क्या माणसाला कसली अंघोळ आणि कसलं काय! हात धुतले की झालं. तोंडाचा मास्क मी वस्तीच्या कोपऱ्यावरच काढून पिशवीत टाकायला लागले.

हे मी लपवत नाही. दुसऱ्यांना नियम सांगत फिरणारी बाई मी, आणि घरात असं वागत होते.

गणपती होऊन गेले होते. कोल्हापुरात तेव्हा दवाखान्यांत खाट मिळत नव्हती. एके दिवशी सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि दाराशी उजेडाला पाठ करून रजिस्टर भरत बसले. आदल्या दिवशीची चाळीस घरं उतरवून काढायची होती. किती वेळ गेला माहीत नाही. सासूबाई गोठ्यातून ओरडत आल्या. "अगं, दूध करपालंय! गोठ्यात वास आला मला, आणि तू हितं बसून काय करालीस?"

मी धडपडत उठले. पातेलं तळाशी काळंठिक्कर. सासूबाईंनी ते पदरानं धरून उचललं आणि माझ्या नाकापुढं आणलं. "हुंग."

मी हुंगलं.

"येतोय वास?"

"न्हाय."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "अजिबात येत न्हाय व्हय गं तुला?"

मी हसले. अगदी खळखळून हसले. म्हटलं, "आत्याबाई, माझ्या नाकाला कधी वास आलाय? बारा महिनं चोंदल्यालंच असतंय ते." त्याही किंचित हसल्या. मग पातेलं घासायला घेऊन परसात गेल्या. मी रजिस्टर उचललं, आशाताईबरोबर वस्तीत गेले आणि चाळीस दारांत उभं राहून विचारलं, वास येतो का? चव लागते का? माझं अंग जरा मोडून आलं होतं. ऊन लागलं असेल म्हटलं.

दुपारी येऊन आम्ही दोघी जेवलो. रोजच्यासारखं.

पाचव्या दिवशी सासूबाई धार काढायला उठल्या नाहीत. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. अंग गरम होतं. म्हणाल्या, गोठ्यात उकडलं काल, दुसरं काही नाही. मी सर्दीतापाची गोळी दिली. नवऱ्यालाही कणकण होती. आणखी दोन दिवसांनी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, बोलताना मध्येच थांबत होत्या. मी पिशवीतला ऑक्सिमीटर काढून त्यांच्या बोटाला लावला. शहाऐंशी. मला वाटलं, यंत्र बिघडलं. काढून माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. परत त्यांच्या बोटाला. पंच्याऐंशी. असे आकडे मी रोज दुसऱ्यांच्या घरात बघत होते, रजिस्टरात उतरवत होते. ज्या बाईला आयुष्यात शिंक आली नाही, तिचा श्वास पुरत नव्हता, आणि मी धडधाकट उभी होते.

खाट मिळाली ती संध्याकाळपर्यंत फिरल्यावर. नवराही तपासणीत सापडला, पण त्याचं हलकं होतं, तो माडीवर वेगळा राहिला. मुलीचं काही नव्हतं. माझंही काही नव्हतं. त्या दिवशी माझा रिपोर्ट हातात घेऊन मला काय वाटलं सांगू? मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं. बघा, मी पक्की आहे. हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते.

आता प्रश्न आला, सासूबाईंना झालं कुठून. त्या तर घर आणि गोठा सोडून कुठं जात नव्हत्या. गिऱ्हाइकं रस्त्यावर थांबत होती. आशाताईच्या फॉर्मवर हे सगळं लिहावं लागायचं, कुठं गेला होता, कुणाला भेटला होता. तिनं आमच्याच अंगणात बसून सासूबाईंच्या साध्या फोनवर फोन लावला आणि आवाज मोठा केला. मी आणि माझी मुलगी ऐकत होतो. माडीच्या खिडकीतून नवरा ऐकत होता.

"आजी, आठ-दहा दिवसांत कुठं बाहेर गेलतासा का?"

जराही न अडखळता उत्तर आलं. "गेलतो की. पेंड आणाय."

"कुठं?"

"बाजारात. पेंडीच्या दुकानात. दोनदा गेलतो. लई गर्दी हुती."

नवऱ्यानं वरून कपाळावर हात मारला. मला इतका संताप आला की मी आशाताईच्या हातातून फोन ओढून घेतला. "आत्याबाई, किती येळा सांगितलं तुम्हाला? पेंड घरपोच येती न्हवं? घरात नात हाय, तिला लागलं असतं म्हंजे? तुमच्या हट्टापायी सगळं घर धोक्यात घातलासा!"

पलीकडून नुसता श्वासाचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "चुकलं की गं." आणि फोन बंद झाला.

दोन दिवसांनी त्या गेल्या. दवाखान्यानं त्यांचं तोंडही आम्हाला बघू दिलं नाही. नवऱ्याला माडीवरून उतरता आलं नाही. घरातून एकटी मी गेले, लांबून बघितलं आणि परत आले. म्हशींनी दोन दिवस धार दिली नाही.

थंडीत आम्हा सगळ्या सेविकांचं रक्त तपासलं. आजार कुणाकुणाला नकळत होऊन गेला, ते बघायचं होतं. आठवड्यानं कागद मिळाले. कागद देणारी मुलगी हसून म्हणाली, "ताई, तुम्हाला होऊन गेलाय की! कळलं पण नाही का? तुमची प्रतिकारशक्ती भारी आहे हं."

मी तिथल्या बाकावर बसले.  करपलेलं पातेलं माझ्यासमोर आलं. आणि त्याहून भयंकर एक गोष्ट. त्या सकाळी माझं नाक चोंदलेलं नव्हतं! अंगणवाडी बंद होऊन सहा महिने झाले होते, मुलं नव्हती, शिंका नव्हत्या, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाक स्वच्छ होतं. आणि तरी मी सवयीनं हसत म्हटलं होतं की बारा महिने चोंदलेलं असतं. चाळीस घरांत जो प्रश्न विचारत फिरले तो मला माझ्या सासूनं विचारला, आणि मी तो हसून घालवला.

मुलीनं टेबलावरचा कागद वाचला.  त्या संध्याकाळी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "आई, हे तुला कधी झालं असेल?" मी म्हटलं, काय माहीत. ती म्हणाली, "आजीच्या आधी, की आजीच्या नंतर?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सतरा वर्षांची पोर मनातल्या मनात तोच हिशेब मांडत होती. तो लेख तिनं वाचला होता. लेखामुळे आजीनं आईला ताटाजवळ घेतलं होतं. पुढचं ती बोलत नव्हती, पण ते तिला आतून खात होतं.

मला एकच आधार होता. सासूबाई पेंड आणायला गेल्या होत्या. गर्दीत गेल्या होत्या. तिथून त्यांनी आणलं असेल, त्यांच्याकडून मला झालं असेल. तसं असेल तर मी सुटले, आणि पोरही सुटली. रक्ताच्या कागदावर तारीख नसते. मी ठरवलं, दुकानात जाऊन विचारायचं.

पेंडीचा दुकानदार म्हातारा माणूस. मला बघून हळहळला. म्हणाला, "लई नेक बाई. तोंडाची फटकळ, पण नेक."

मी विचारलं, "शेवटचं कधी आलत्या त्या हितं?"

"हितं?" त्यानं आठवून बघितलं. "लॉकडाऊन लागल्यापासनं हितं कुठल्या येत्यात? एकदाबी न्हाय. आमचा टेंपो पोतं तुमच्या दारात टाकून जायचा. फोनवर दम द्यायच्या मला, पोतं झटकून आण म्हणायच्या."

मी परत विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, वही बघू का? एकदाबी न्हाय."

मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. दोनदा गेलतो, लई गर्दी हुती. त्या कुठंही गेल्या नव्हत्या. आजार कुणाकडून आला, हे त्यांना ठाऊक होतं. पातेलं माझ्या नाकापुढं धरलं तेव्हाच कळलं होतं, की दवाखान्यात पडल्यावर उलगडलं, हे मला कधीच कळणार नाही. त्या दुपारी कळूनही त्या माझ्या शेजारी जेवायला बसल्या असतील तर, हा विचार मी आजवर पुरा करू शकलेले नाही. आणि अशा माणसाला मी फोनवर काय काय बोलले! तुमच्या हट्टापायी सगळं घर धोक्यात घातलं म्हणाले.

आता मुलगी मोठी झाली आहे, सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिला हे सगळं मी गेल्या वर्षी सांगितलं आणि लिही असं तीच म्हणाली. ती समजावते मला. जुन्या सर्द्यांमुळे तुला हलका गेला असेल, किंवा नसेलही, निव्वळ नशीब असेल. आठवड्यानं केलेल्या तपासणीत तो सापडलाही नसेल. पण ओळख असली तरी पाहुणा घरात शिरतोच, आई. आपल्याला त्रास न देता शिरतो आणि दुसऱ्याला गाठतो. हे तेव्हा आपल्याला कुणालाच नीट माहीत नव्हतं. ती बरोबर आहे. मला त्याचा उपयोग होत नाही.

पण त्या दिवशी ती सतरा वर्षांची होती. मी बाजारातून चालत घरी आले ते सगळं एका दमात सांगून टाकायचं असं ठरवूनच. माझ्या पोटात काही राहत नाही, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. मुलगी परसात म्हैस धूत होती. तीन दिवसांत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला बघून तिच्या हातातलं पाणी थांबलं.

"आई, पेंडीच्या दुकानाकडं गेलतीस?"

"व्हय."

"काय म्हणाले? आजी खरंच गेलती?"

मी तिच्याकडे बघितलं. म्हैस मान हलवत होती.

"गेलती की," मी म्हटलं. "दोनदा गेलती. लई गर्दी हुती म्हणं."

तिनं मोठा श्वास सोडला आणि पुन्हा म्हशीच्या पाठीवर पाणी घालायला लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, जेवायला काय आहे. मी आत गेले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. एवढी चार वाक्यं बोलायला मला, धडधाकट बाईला, केवढी ताकद लागली होती. सासूबाईंनी ती म्हटली तेव्हा त्या ऑक्सिजनवर होत्या.